पायाचे वर्ष



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी मागील कार्याचा आनंद मानणे हे जसे आमचे कर्तव्य, तसेच पुढील पिढीची तजवीज करणे हेही होय. म्हणून समाजकार्याच्या शिक्षणाविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

दुःखितांस साहाय्य करावयास दयाळू अंतःकरण पुरे, असे आम्ही पुष्कळ काळ समजत आलो. परंतु दया हा केवळ आरंभ होय. हे काम शिकावेही लागते. ह्याच जाणिवेने मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावे समाजकार्याचे विद्यालय निघाले. पुढे १९५५ साली मरियेच्या हृदयाच्या कन्या ह्या संघाच्या भगिनींनी त्याच नगरीत निर्मला निकेतन स्थापिले. अशा विद्यालयांत ग्रंथांबरोबरच वस्त्यांत जाऊन प्रत्यक्ष काम करणे हाही अभ्यासाचाच भाग असतो.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे पाहू. मंठा, घनसावंगी, अंबड ह्या भागांतून कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलीची शाळा सुटते. हीच मुलगी पुढे शेजारच्या आजारी म्हातारीस दवाखान्यात नेते, विधवेचा निराधार योजनेचा अर्ज लिहून देते; परंतु बारावी झाली नाही, म्हणून समाजकार्याच्या पदवीचे दार तिला बंद! जिने दुःख जवळून पाहिले, तीच बाहेर राहावी, ह्याचा आम्हांस खेद वाटतो.

इंग्लंडात अशा विद्यार्थ्यांसाठी कित्येक विद्यापीठे पदवीपूर्वी एक पायाभूत वर्ष ठेवितात. आपल्याकडेही नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने, बारावी न झालेल्यांसाठी, पूर्वतयारीचा शिक्षणक्रम चालविला होता. आज मात्र बारावी होणे हाच सरळ मार्ग होय. दहावी उत्तीर्ण झालेल्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीस बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही वाट आहे.

अडचण एवढीच, की मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात येते. "वय वाढले, आता कसले शिक्षण," असे लोक म्हणतात, ते निराळेच. येथे विद्यार्थिनीचा निश्चय एकटा पुरा पडत नाही. म्हणून आमची धर्मग्रामातील प्रत्येक सुखवस्तू घरास विनंती आहे : आईबाप कारखान्यावर असतील तितके महिने एका तरी मुलीस आपल्या घरी लेकीप्रमाणे ठेवावे. तिच्या फीची व पुस्तकांची सोय करावी आणि संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी तिला घरकामास जुंपू नये.

हे वर्ष वाया गेले असे कोणी म्हणू नये. घराचा पाया जमिनीखाली राहतो, म्हणून तो कोणास दिसत नाही. पण वादळात घर तरते ते त्याच्याच बळावर. पुढील महोत्सवात ह्या व्यासपीठावरून अशीच एखादी मुलगी आपणांशी बोलेल, तर आजचे आमचे शब्द सार्थकी लागले असे आम्ही समजू.