वाळूत साठलेलं पाणी



वाळू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओसाडपणा येतो. वाळवंट हा शब्दच तसा. पंढरपूरचं तेवढं सोडा! आज ज्या बेटाविषयी बोलायचं आहे ते ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ आहे. लांबी सुमारे १२० किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी वाळूच. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. पूर्वी त्याला फ्रेझर आयलंड म्हणत. २०२३ साली बुचुल्ला या मूळ रहिवाशांनी दिलेलं ‘गरी’ हे नाव अधिकृतपणे परत आलं. इंग्रजीत त्याआधी ‘के’ लिहितात, पण तो उच्चारायचा नाही.

दक्षिणेकडच्या नद्यांनी समुद्रात नेलेली वाळू लाटांनी उत्तरेला ढकलली, वाऱ्याने किनाऱ्यावर चढवली. हे लाखो वर्षं चाललं. काही टेकड्या दोनशे मीटरांहून उंच झाल्या.

पण खरी गंमत पाण्याची. कोकणातल्या पुळणीत खड्डा खणला की कधी कधी गोडं पाणी लागतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. या बेटाच्या पोटातही पावसाचं पाणी तसंच साठलं आहे. जिथे जमीन त्या पाण्याच्या पातळीखाली जाते तिथे तळं होतं; आपल्या विहिरीसारखंच. मात्र इथली काही तळी त्या पातळीच्या कितीतरी वर आहेत, टेकड्यांच्या अंगाखांद्यावर! वाळूत पाणी टिकतं कसं? खोलगट जागी पानं पडतात, कुजतात. त्यांचा काळा रस झिरपताना वाळूचे कण एकमेकांना चिकटवतो आणि तळाशी घट्ट थर बसतो. जणू ओट्याला शेणाने सारवावं, तसं पानांनी तळं सारवलेलं. वरून येतो तो फक्त पाऊस. बूमांजिन हे त्यातलं मोठं तळं, सुमारे दोनशे हेक्टरांचं; पाणी बिनदुधाच्या चहासारखं. उलट मॅकेन्झी तळ्याची वाळू पांढरीशुभ्र आणि पाणी इतकं नितळ, इतकं निःसत्त्व, की त्यात जीव फारसे तगत नाहीत.

याच वाळूवर घनदाट वर्षावन उभं आहे. मुळांशी जगणारी बुरशी वाळूतली तुटपुंजी क्षारद्रव्यं झाडांना पोहोचवते. माणसाने मात्र १८६३ पासून इथे कुऱ्हाड चालवली. सॅटिने या झाडाचं लाकूड सुएझ कालव्याच्या कामाला गेलं. लढ्यानंतर वाळूचं खाणकाम १९७६ साली थांबलं, लाकूडतोड १९९१ साली. १९९२ साली बेट जागतिक वारसा ठरलं. क्रम पाहा. आधी लढा, मग पाटी.

तुमच्यापैकी कुणाची लेक, कुणाचा नातू ब्रिस्बेनला असेल. कधी तिकडे जाणं झालंच, तर मॅकेन्झीत उतरण्याआधी अंगाचं सनस्क्रीन पुसून टाका. त्या पाण्याला बाहेरून काहीच नको आहे.