बेकारभत्ता : देश एक, दर नाना

(ऊसतोडीस निघणाऱ्या मंडळींच्या सभेंत बीड जिल्ह्यांतील एका खेड्याच्या प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



दिवाळी सरली कीं आपल्या जिल्ह्यांतील गांवें निम्मीं रिकामीं होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडावयास नवराबायकोचा कोयता निघतो; कोणाचा कोल्हापूर-सांगलीकडे, कोणाचा सरहद्द ओलांडून बेळगांवकडे. मागें माझ्या हजेरीपटावर तांबड्या शाईच्या खुणा राहतात. तुम्ही हौसेनें जातां असें मी म्हणत नाहीं. पण गांवांत काम मागण्याचा आपणांस हक्क आहे, काम न मिळाल्यास भत्ता मागण्याचा हक्क आहे, आणि हा भत्ता दर राज्यांत निराळा आहे, हें आज मला सांगावयाचें आहे.

वडील मंडळींस 1972 चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडली, बांध घातले, सुकडीवर दिवस काढले. त्याच वर्षीं महाराष्ट्रानें रोजगार हमी योजना सुरू केली. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे हे तिचे जनक. 1977 सालीं तिचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलांत आला. पैसा कोठून आणला? 1975 सालीं नोकरदार व धंदेवाले यांजवर व्यवसायकर बसविला, आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारनें घालावी असें ठरलें. माझ्या पगारांतूनही हा कर कापला जातो. पगारपत्रकांतील सगळ्या कपातींत हीच एक मला बोंचत नाहीं.

त्या कायद्यांत काम न दिल्यास बेकारभत्ता होता, पण केवढा? पहिल्यानें दिवसाला किमान एक रुपया! एक रुपयाचा दंड कोणत्या सरकारास जाचणार?

पुढें 2005 सालीं दिल्लीनें हीच कल्पना उचलून देशभर कायदा केला. घरटी वर्षाला 100 दिवस काम. अर्जापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले 30 दिवस मजुरीचा निदान चौथा हिस्सा, पुढें निदान निम्मा. शंभर दिवसांपुढील कामाचा खर्च महाराष्ट्रानें स्वतःच्या कायद्याखालीं आपल्या अंगावर घेतला, ही आपल्या राज्याची चांगली गोष्ट सांगितली पाहिजे.

आतां दर पाहा. भत्ता मजुरीवर बांधलेला, आणि मजुरी राज्याराज्यांत वेगळी. 2025-26 सालीं हरियाणांत ती 400 रुपये, गोव्यांत 378, कर्नाटकांत 370, महाराष्ट्रांत 312, मध्यप्रदेशांत 261, नागालँडांत 241. म्हणजे काम न मिळालेल्या माणसास पहिल्या महिन्यांत हरियाणांत दिवसाला 100 रुपये, आपल्याकडे 78. माती तीच, टिकाव तोच, मग हा फरक कां? 2011 पासून हे दर त्या त्या राज्यांतील शेतमजुरांच्या महागाईच्या आंकड्यावर वाढवितात. पण आरंभींच ज्या राज्याची मजुरी वर होती तें वरच राहिलें. टक्के वाढले, तरी अंतर कांहीं मिटलें नाहीं.

आमच्यांतील जो गडी बेळगांवाकडे ऊस तोडतो, त्याची गोष्ट तर औरच. तेथला दर 58 रुपयांनीं जास्त, पण तो त्याचा नव्हे. कारण त्याचें जॉबकार्ड आपल्या ग्रामपंचायतीचें. आणि येथें काम मागावें तर तो येथें नाहीं.

शिकलेल्या बेकारांची तऱ्हाही हीच. कर्नाटकानें 2023 च्या डिसेंबरांत युवानिधि योजना काढली. पदवीधरास महिना 3000, पदविकाधारकास 1500, दोन वर्षेंपर्यंत. राजस्थाननें 2022 पासून पुरुषांस 4000 व स्त्रियांस 4500 केले. केरळांत महिना अवघे 120 रुपये! महाराष्ट्रानें 2024 सालीं भत्ता न म्हणतां कार्यप्रशिक्षण म्हटलें. बारावीस 6000, पदवीधरास 10000, पण ठराविक महिन्यांपुरतें. तीं आटोपलीं म्हणजे पोरगा पुन्हां पारावर. तरी काम शिकवून पैसा देणें मला नुसत्या भत्त्यापेक्षां बरें वाटतें. कोणास तें पटणार नाहीं, न पटो.

डिसेंबर 2025 मध्यें संसदेनें 2005 च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला. त्यांत 100 चे 125 दिवस झाले. पण खर्चाचा मोठा वाटा, शेंकडा 40, बहुतेक राज्यांवर टाकला, आणि पेरणी-कापणीच्या हंगामांत मिळून 60 दिवस कामें बंद ठेवण्याची मुभा दिली. भत्ता पूर्वींप्रमाणें राज्यानेंच द्यावयाचा. गरीब राज्य तो कोठून देणार, हा प्रश्न आहेच.

खरी मेख निराळीच आहे. भत्ता मिळावयाचा तर सरकारी माणसानें लिहून द्यावें लागतें कीं आम्ही काम दिलें नाहीं. असें कोण लिहील? म्हणून अर्जच घेत नाहींत. घेतला तर पोच देत नाहींत. दिली तर तीवर तारीख नसते. एका कचेरींत मी चार बायांबरोबर गेलों, तर उत्तर मिळालें, "गुरुजी, तुम्ही शाळा सांभाळा." शाळाच सांभाळत होतों! त्या चौघींचीं सहा लेंकरें माझ्या वर्गांत आहेत.

तेव्हां तोंडी मागूं नका. अर्ज लिहून द्या, आणि तारखेची पोच हातीं पडल्याशिवाय उठूं नका. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात, तुमच्या आठवणीपासून नव्हे. एकट्यानें जाऊं नका, दहा-वीस मिळून जा. आणि कामाचा हुकूम आला तर हजर राहा, नाहींतर भत्त्याचा हक्क बुडतो. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं सोमवारीं शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावें. जॉबकार्ड व बँकेचें पुस्तक बरोबर असावें. मुलांपैकीं सातवीचीं चार पोरें सुवाच्य लिहितात, तीं अर्ज लिहून देतील.