आन्सी गांवीं आम्ही काय पाहिलें
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



2018 सालीं रोम आणि लूर्द यांची यात्रा आटोपल्यावर आम्ही फ्रान्सच्या पूर्व भागांतील आन्सी या शहरीं दोन दिवस राहिलों. तेथें कशाला, असें पुष्कळांनीं विचारलें. उत्तर सोपें आहे. वऱ्हाडांतील आपल्या धर्मकार्याचें माहेर तें गांव होय.

आल्प्सच्या पायथ्याशीं निळें सरोवर आहे. त्यांतून निघालेली थिऊ नदी जुन्या वस्तीमधून वाहते. तिच्या ऐन मध्यावर जहाजाच्या नाळेसारखी निमुळती दगडी इमारत उभी आहे. कधीं न्यायालय, कधीं टांकसाळ, कधीं तुरुंग, आतां संग्रहालय. परंतु आमचीं पावलें ओढ घेत होतीं तीं टेंकडीवरील व्हिजिटेशनच्या महामंदिराकडे. संत फ्रान्सिस द सेल्स व संत जान द शांताल यांचे पवित्र अवशेष तेथें एकाच छताखालीं आहेत.

फ्रान्सिस 1602 सालीं जिनिव्हाचे बिशप झाले, पण तें शहर कॅल्व्हिनपंथी झालेलें. म्हणून त्यांनीं सारा कारभार आन्सीहून पाहिला. त्यापूर्वीं 1594 पासून ते शाब्ले प्रांतीं होते. लोक प्रवचनास येईनात, तेव्हां धर्मविचार कागदावर लिहून ते घरोघरीं दाराखालून सरकवीत. 1923 सालीं अकराव्या पायस पोपमहाशयांनीं त्यांस कॅथलिक लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरविलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही फ्रांझी गांवीं गेलों. उतारावर द्राक्षमळे, आणि सप्टेंबर असल्यानें तोडणीची लगबग. येथील पांढऱ्या द्राक्षारसास रूसेत म्हणतात. दोन घोट आम्हींही घेतले, लपवीत नाहीं. वऱ्हाडांत आम्हांस द्राक्षारस भेटतो तो वेदीवरच. शेजारच्या शोमों गांवच्या परिसरांत 1790 सालीं फादर पियेर मेर्मिए जन्मले. त्यांनीं 1838 सालीं आन्सीस संत फ्रान्सिस यांच्या नांवानें धर्मसंघ स्थापिला. त्यांचे पहिले मिशनरी 1846 सालीं विशाखापट्टणास उतरले. पुढें 1887 सालीं नागपूरचा, व त्यांतून 1955 सालीं आपला अमरावतीचा धर्मप्रांत झाला. आपण ज्यांस फ्रेंच पाद्री म्हणतों, त्यांतील आरंभींचे तर फ्रेंचही नव्हते; सावोय प्रांत फ्रान्सला मिळाला तो 1860 सालीं. असा शीतल मुलूख सोडून हीं माणसें आपल्या काळ्या मातींत आणि 45 अंशांच्या वैशाखांत आलीं.

निघण्यापूर्वीं पुन्हां मंदिरांत गेलों. मेणबत्त्यांपाशीं बसलेल्या एका वृद्ध बाईनीं आम्ही कोठले हें विचारलें. नागपूरचें नांव ऐकतांच त्यांनीं आमचा हात धरला. त्यांच्या आजीचे भाऊ त्या मिशनवर गेले, परतले नाहींत. "त्यांच्या कबरेवर कोणी दिवा लावतें काय?" त्यांनीं विचारलें. आमचें फ्रेंच मोडकें, पण त्या क्षणीं मराठींतही उत्तर सुचलें नसतें. इतकीं वर्षें आम्ही सर्व आत्म्यांच्या दिवशीं दफनभूमींत प्रार्थना म्हणत आलों, पण कोपऱ्यांतील निंबाखालच्या जुन्या दगडांकडे कधीं वांकून पाहिलें नव्हतें.

घरीं आल्यावर तरुण मंडळींसह तेथील गवत काढविलें. दोन दगड निघाले. एकावर क्रूस व सालाचे दोन आंकडे उरले आहेत, नांव झिजलें आहे. दुसरा पालथा आहे. तो पावसाळ्यानंतर उचलूं. मृतांच्या जुन्या नोंदवह्याही आम्ही तपासीत आहों. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळचें पत्र, फोटो किंवा बाप्तिस्म्याचा दाखला असेल, त्यांनीं तो रविवारीं मिस्सेनंतर आमच्याकडे आणावा. आन्सीच्या त्या बाईंचा पत्ता आम्हीं जपून ठेविला आहे.