सहीपूर्वीचे वाचन

आपल्या दिवसभराच्या व्यवहारांत सही हा सर्वांत लहान व्यवहार असावा. दोन वळणे, एक झटका, खाली एक रेघ, की झाले काम! बँकेतील कारकून कर्जाच्या कागदांची चळत पुढे सरकवतो, पेन्सिलीने केलेल्या फुल्यांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "येथे, येथे आणि येथे." आपणही येथे, येथे आणि येथे सही करून मोकळे होतो. हल्ली तर तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर पंधरा-वीस पाने भरतील एवढा मजकूर येतो, त्याच्या तळाशी "मला मान्य आहे" अशी एक चौकट असते, आणि आपण काय मान्य केले हे न पाहताच अंगठा त्या चौकटीवर जातो. पूर्वी निरक्षर मनुष्य अंगठा उठवीत असे. आता पदवीधरही अंगठाच टेकवतात.

मी सरकारी नोकर असल्यामुळे सह्या करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योगच आहे. त्यातून मी पडलो जुन्या वळणाचा. फाइलीवर टिपण असावे, टिपणात कारण लिहिलेले असावे, आणि वरिष्ठाने "होय" किंवा "नाही" म्हणण्यापूर्वी ते वाचावे, हा शिरस्ता मला मनापासून आवडतो. लोक त्याला लालफीत म्हणतात. त्यांचा राग मला समजतो; निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी सहा-सहा महिने हेलपाटे घालणाऱ्या विधवेला शिरस्त्याचे कौतुक ऐकविण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कागद दडवून ठेवणे वेगळे आणि कागद वाचणे वेगळे. वाचावयास दहा मिनिटे लागतात. सहा महिने लागतात ते न वाचण्याला!

आमच्या जबलपूरचे नाव बाहेरच्या माणसाला भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे ठाऊक असते. एखाद्या वृद्ध गृहस्थाला सुभाषबाबूंचे 1939 चे त्रिपुरी काँग्रेसही आठवेल. परंतु देशातील कोणत्याही वकिलापुढे जबलपूरचे नाव काढा, त्याला आठवतो तो एक खटला: अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर, विरुद्ध शिवकांत शुक्ल. एका बाजूस स्थानबद्ध केलेल्या नागरिकाचे नाव आहे. दुसऱ्या बाजूस नाव नाही, हुद्दा आणि गाव आहे. तो हुद्दा ज्यांच्याकडे होता त्या व्यक्तीविषयी मला काहीच म्हणावयाचे नाही. मला विचार करावयास लावतो तो हुद्दाच. माझ्यासारखाच कोणी सकाळी जेवून कचेरीत जाणारा, मुलांच्या फीची काळजी करणारा मनुष्य त्या खुर्चीत बसत असतो.

1975 च्या जूनमध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. एक तपशील मात्र आम्हां कचेरीतल्या लोकांना विशेष बोचतो. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही 25 जूनच्या रात्री झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणजे सही आधी आणि विचारविनिमय मागाहून! एखाद्या तहसीलदाराने असे केले असते तर त्याला खुलासा विचारला गेला असता.

त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून 'मिसा' कायद्याखाली स्थानबद्धतेचे हुकूम निघाले. या कायद्याची मेख एका शब्दात होती. अमुक मनुष्याला अडकविणे आवश्यक आहे अशी दंडाधिकाऱ्याची 'खात्री' झाली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. नव्या अध्यादेशाने स्थानबद्धाला कारणे सांगण्याचे बंधन काढून टाकल्यावर तर त्या खात्रीवाचून दुसरा आधारच राहिला नाही. आता खात्री ही काही शिक्क्यासारखी मेजाच्या खणात ठेवलेली वस्तू नव्हे. तिच्यासाठी कागद वाचावा लागतो, समोरच्या पोलीस अधिकाऱ्याला "हे कशावरून?" असे विचारावे लागते. पुढे शहा आयोगापुढे जी हकीकत आली तीत पोलिसांच्या शब्दावर, स्वतः काहीही न पडताळता सह्या करणारे दंडाधिकारी पुष्कळ निघाले. मिसाखाली स्थानबद्ध झालेल्यांची संख्या आयोगाने सुमारे 35 हजार दिली आहे. दिल्लीतील एका सहीने एवढी माणसे तुरुंगात जात नाहीत. त्यासाठी गावोगावी सह्या कराव्या लागतात.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर आमच्यापासून तुटले, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. येथल्या जुन्या मराठी कुटुंबांतून त्या वाटणीविषयी तक्रारीचा सूर मी लहानपणी ऐकला आहे. मला स्वतःला वाटते की वाटणी वाईट झाली नाही. आणीबाणीत जे उच्च न्यायालय म्हणाले की हुकूम कायद्याप्रमाणे निघाला की नाही एवढे तरी आम्ही पाहू, त्यांत हे होते. अशी उच्च न्यायालये देशात नऊ निघाली. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी त्या सर्वांचे म्हणणे चार विरुद्ध एक अशा मताने फिरविले.

एक मत होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. सुनावणीत त्यांनी सरकारच्या महान्यायवादींना एक साधा प्रश्न विचारला होता: एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही इलाज आहे काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले. प्रश्न विचारावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. सवय लागते. जानेवारी 1977 मध्ये खन्नांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेता येणार नाही असे ठरले. तो निकाल मात्र पुस्तकात तसाच होता. बहुमताच्या चौघांत पुण्याकडचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्द ठरविला, तेव्हा त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांच्या सहीचा निकाल चुकीचा होता असे स्वतःच्या सहीने लिहिले.

दरवर्षी जून महिना आला की आणीबाणीवर सभा होतात. एक पक्ष दुसऱ्यास दोष देतो, दुसरा पहिल्यास वर्तमानाचा आरसा दाखवतो. दोघांचेही ऐकावे. पण संविधान सभेत 1948 साली डॉक्टर आंबेडकरांनी सांगून ठेवले होते की संविधानाविषयीची नीती ही माणसात उपजत नसते, ती मुद्दाम अंगी बाणवावी लागते. अंगी बाणविणे ही सभेत होणारी गोष्ट नाही. वाण्याचे बिल तपासणारा, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गुण पाहून मग सही करणारा, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून दाखवा म्हणून अडून बसणारा मनुष्य आपल्याला कटकट्या वाटतो. मला तो शेजारी म्हणून नको असतो, दंडाधिकारी म्हणून हवा असतो!

आता कचेऱ्यांतून कागद जाऊ लागला आहे. फाइल पडद्यावर येते आणि सही होते ती बोटाएवढ्या एका किल्लीने; ती संगणकात खोचावी लागते आणि एक आकडा टाकावा लागतो. कामाचा उरक व्हावा म्हणून ती किल्ली आणि तो आकडा दोन्ही आपल्या सहायकाच्या स्वाधीन करून दौऱ्यावर जाणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझी किल्ली मी जानव्याप्रमाणे गळ्यात अडकवून ठेवतो, असे आमच्या कचेरीतील तरुण मंडळी म्हणतात. गळ्यात नव्हे, ती शर्टाच्या आतल्या खिशात असते.