काळ्या आजाराचा आकडा



मधुमेही माणूस बोट टोचतो, पट्टीला रक्ताचा थेंब लावतो आणि काही सेकंदांत साखरेचा आकडा वाचतो. पट्टीवरचं एन्झाइम साखरेवर प्रक्रिया करतं, त्यातून क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो, यंत्र तो मोजतं. मूळ कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांची, १९६२ सालची. गरिबांच्या रोगांना मात्र अशी आकडा सांगणारी पट्टी अजून मिळालेली नाही.

बिहारमधला काळा आजार घ्या. वाळूमाशी चावते, लीश्मानिया हा परजीवी शरीरात शिरतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढते. उपचार झाले नाहीत तर रुग्ण बहुधा दगावतो. निदानासाठी ‘आरके-३९’ ही पट्टी आहे, आणि तिने खेड्यापाड्यांत मोलाचं काम केलं आहे. पण ती परजीवी शोधत नाही, रक्तातली प्रतिपिंडं शोधते. ही प्रतिपिंडं रुग्ण बरा झाल्यावरही अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. बरा झालेल्याला पुन्हा ताप आला, तर आजार उलटला की हा दुसराच ताप, हे पट्टी सांगू शकत नाही. मग अस्थिमज्जेत किंवा प्लीहेत सुई घालावी लागते. प्लीहेतून रक्तस्राव होऊ शकतो. हे आरोग्य उपकेंद्रात करायचं काम नव्हे.

इथे साखरेच्या पट्टीसारखा विद्युत-रासायनिक संवेदक उपयोगी पडेल. लग्नपत्रिकांवर चालतं तेच स्क्रीन प्रिंटिंग वापरून कार्बनच्या शाईचे इलेक्ट्रोड स्वस्तात छापता येतात. त्यांवर परजीवीचं प्रथिन किंवा डीएनए पकडणारे रेणू बसवायचे. पकड झाली की प्रवाह बदलतो. नुसतं हो-नाही नव्हे, आकडा मिळतो. औषधानंतर तो उतरतोय का, हे पाहता येईल.

अडचण छपाईची नाहीच. रक्तात साखर भरपूर असते, परजीवीचा अंश अत्यल्प. त्यात रक्तातली इतर प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटून बसतात. शिवाय मे महिन्यातला बिहारचा उन्हाळा या नाजूक रेणूंना मानवत नाही.

आणि बाजार? मधुमेही आयुष्यभर पट्ट्या विकत घेतो. काळ्या आजाराचे रुग्ण तर कमी होताहेत. बांगलादेशाने २०२३ साली या रोगाचं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. रुग्ण घटले की गिऱ्हाईक घटतं, पण उरलेला प्रत्येक रुग्ण शोधणं तेव्हाच अधिक गरजेचं होतं. त्यामुळे खरेदी सरकारनेच करायला हवी. माझं मत विचाराल तर यंत्र एकच ठेवावं, पट्ट्या तेवढ्या रोगानुसार वेगवेगळ्या असाव्यात. म्हणजे गडचिरोलीत हत्तीरोगासाठी रात्री घरोघरी रक्तनमुने घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही तेच यंत्र वापरता येईल.