समुद्राची पाऊणकी

वैशाखाच्या सुट्टीत मुलांना घेऊन समुद्रकाठी निघालेल्या शहरी कुटुंबाच्या सामानात एक वस्तू हटकून असते, आणि ती म्हणजे कार्यक्रमाचा कागद. अलीकडे तो कागद पुष्कळदा दूरध्वनीच्या पडद्यावर असतो, एवढाच काय तो फरक. विश्रांतीसाठी म्हणून निघालेली माणसे विश्रांतीचीही तासवार वाटणी करून नेतात. आणि मग सात वाजता उठलेल्या मुलाला साडेसातला समुद्र, नऊला न्याहारी आणि दहाला किल्ला दाखविण्याच्या धांदलीत घरातील वडील मंडळी कचेरीतल्याहून अधिक थकून परततात.

पुण्याचे एक कुटुंब अक्षय्य तृतीयेच्या दुपारी अलिबागेस उतरले, तेव्हा त्यांच्याजवळही असा कागद होता. गृहस्थ, त्यांची पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि गृहस्थांच्या मातोश्री असा पाच माणसांचा परिवार. आजींचे माहेर जवळच्या नागावचे. लहानपण सारे त्या किनाऱ्यावर गेलेले. पण कागद तयार करताना त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य ठाणे. कचेऱ्या आहेत, न्यायालय आहे, एस. टी. चा गजबजलेला स्थानक आहे. मुंबईची मंडळी गेटवेवरून होडीने किंवा, २०२० सालापासून, भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट जहाजात चढून मांडव्यास उतरतात. पुण्याकडची मंडळी खोपोली, पेण, वडखळ या वाटेने येतात. पण बाजारपेठ ओलांडून पाच मिनिटे चालले की सुरूची झाडे लागतात आणि त्यांच्यामागे काळसर, घट्ट वाळूचे विस्तीर्ण पटांगण व समोर पाण्यात कुलाबा किल्ला. इतकी सरकारी आणि इतकी निवांत अशी दोन रूपे एका गावात क्वचितच नांदतात.

कागदावर पहिल्या दिवशी चार वाजता 'समुद्रस्नान' असे लिहिले होते. त्याप्रमाणे सामान वाडीतल्या खोलीत टाकून मंडळी किनाऱ्यावर गेली. भरती नुकतीच होऊन गेली होती, पाणी अजून सुरूच्या झाडांपासून फार दूर हटले नव्हते, आणि वैशाखातला दुपारचा पश्चिमेचा वारा लाटांना चांगलेच उचलीत होता. गृहस्थांनी धाकट्याला कडेवर घेतले आणि ते कमरेइतक्या पाण्यात शिरले. पत्नी छायाचित्र घेण्यास काठावर उभी होती. लाट आली, ती मुलाच्या डोक्यावरून गेली, आणि नाकातोंडात खारे पाणी शिरलेला तो जीव जो किंचाळू लागला, तो खोलीवर येईपर्यंत थांबला नाही. रात्री झोपेतही तो दोनदा दचकून उठला. सकाळी त्याने आपला निर्णय सांगितला: "समुद्र नको."

आता या ठिकाणी सुशिक्षित बापाच्या मनात एक विचार हमखास येतो, की भीती आहे तर ती ताबडतोब मोडली पाहिजे. गृहस्थ म्हणाले, "आजच पुन्हा नेतो. एकदा भीती मोडली की झाले." पत्नीने मात्र या वेळी ऐकले नाही. ती म्हणाली, "अहो, मोडायची कशाला? असू दे की त्याच्याजवळ."

तिचेच बरोबर होते. साडेतीन वर्षांच्या मुलाला समुद्राची भीती वाटते, यात त्याचे अज्ञान नाही. समुद्राविषयी त्याला झालेले ते पहिले खरे ज्ञान आहे. ज्यांना ही भीती मुळीच वाटत नाही, त्यांची चिंता अधिक करावी. याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. ती महाविद्यालयात शिकणारी तरुण मुले होती. पाणी वरून कितीही सालस दिसले तरी खालून त्याची ओढ केवढी असते, हे काठावर उभे राहून कळत नाही. आणि लहान मुलाच्या बाबतीत तर गुडघाभर पाणीदेखील खोल समजावे, व मोठे माणूस हात पोहोचेल इतक्या जवळ असावे. काठावरून लक्ष ठेवणे याला लक्ष म्हणत नाहीत.

वाद तेवढ्यावरच मिटला, कारण आजी मध्ये बोलल्या. "अरे, आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नवाला ओहोटी. आठ वाजता जाऊ. पाण्याजवळ जायचेच नाही, पाणीच लांब गेलेले असेल."

आजींच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी घोकली होती. शहरात त्या पाढ्यांचा उपयोग संपला; पण कोकणात त्यातील पाऊणकीला समुद्राने जिवंत ठेवले. आडाखा असा: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती, आणि त्याच्या पुढेमागे सुमारे सहा तासांवर ओहोटी. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकापासून. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो, आणि समुद्र त्याच्यामागून चालतो, म्हणून हे गणित जमते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ हवी त्याने छापील कोष्टक पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा या किनाऱ्यावर पाणी बारा-बारा फूट चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, तेव्हा ते धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. समुद्रकाठी जावयाचा दिवस ठरविताना ती पाहावी असे मात्र फार थोड्यांना सुचते.

चतुर्थीच्या सकाळी मंडळी किनाऱ्यावर आली तेव्हा काल जेथे लाट मुलाच्या डोक्यावरून गेली होती, तेथे नुसती ओली वाळू आरशासारखी पसरली होती. धाकटा आईचा पदर धरून सुरूच्या सावलीत उभा राहिला. पुष्कळ वेळ पाहून त्याने विचारले, "आजी, समुद्र कुठे गेला?"

"जेवायला गेला," आजी म्हणाल्या. "दुपारी येईल."

या उत्तराने त्याचे बरेचसे समाधान झालेले दिसले. जो जेवावयास जातो तो अगदीच परका नसावा.

पुढचे काम लहानशा कुर्ल्यांनी केले. ओहोटी लागली म्हणजे ओल्या वाळूत बारीक बारीक छिद्रे पडतात आणि प्रत्येक छिद्रातून वाटाण्याएवढी कुर्ली बाहेर येते. ती वाळू तोंडाशी नेते, तिच्यातील खाण्याजोगा सूक्ष्म अंश काढून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकते. एक गोळी, दुसरी गोळी, तिसरी. थोड्याच वेळात बिळाभोवती सूर्याच्या किरणांसारख्या गोळ्यांच्या ओळी उमटतात. माणसाची चाहूल लागताच हजारो कुर्ल्या एका क्षणात बिळात नाहीशा होतात, आणि स्तब्ध उभे राहिले तर पुन्हा एक एक करून वर येतात. भरती आली की ही सारी रांगोळी पुसली जाते. पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. धाकट्याने प्रथम दहा पावले टाकली, मग वीस. कुर्ल्या पळत, तो थांबे. त्या बाहेर येत, तो पुढे सरके. तासाभराने तो सुरूच्या झाडांपासून चांगला लांब आला होता आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. कागदाप्रमाणे त्या वेळी सर्वांनी चौलची देवळे पाहत असावयास हवे होते.

गृहस्थांनी एक मात्र सोडले नाही, आणि तो किल्ला. तोही कागदाप्रमाणे सूर्यास्ताला पाहावयाचा होता. आजींनी पाऊणकी मांडून दाखविली, तेव्हा तो पंचमीच्या सकाळी नऊला ठरला. पाच पाऊणे पावणेचार. ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. "अकराच्या आत पाऊल परत या वाळूवर हवे," एवढी अट त्यांनी घातली. धाकटा त्यांच्याजवळ कुर्ल्यांपाशी राहिला, आणि गृहस्थ मुलीला घेऊन निघाले.

ओहोटीत कुलाब्यास पायी जाता येते, घोडागाड्याही जातात. शिवाजी महाराजांनी १६८० साली हा किल्ला बांधावयास घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला. तटाचे प्रचंड चिरे चुना न घालता नुसते एकावर एक रचले आहेत, म्हणजे लाटेचे पाणी फटींतून शिरते आणि तिचा जोर तेथेच विरतो. मुलीला हे फार आवडले. भिंत मजबूत व्हावी म्हणून तिच्यात फटी ठेवावयाच्या, ही गोष्ट तिच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे, पुष्करणी आहे, आणि चहूंकडे खारे पाणी असता गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरील दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यापाशी गृहस्थ छायाचित्रे घेत राहिले, आणि घड्याळात पावणेअकरा झाले.

परत निघाले तेव्हा वाट कोरडीच वाटत होती. निम्म्यावर येताच मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाबा, पाणी समोरून येत नाही. बाजूने येते आहे." खरेच होते. लाटा दूरच होत्या. पण दोन्ही अंगांच्या सखल भागांतून पाणी गुपचूप सरकत होते आणि पुढच्या खळग्यात एक दुसऱ्याला मिळत होते. तेथे तिच्या घोट्याइतके पाणी होते, आणखी पुढे पोटरीइतके. तिला कडेवर घेण्याइतकी ती लहान नव्हती. गृहस्थांनी तिचा हात धरला आणि दोघे न बोलता झपाझप चालू लागले. वाळूवर पोहोचले तेव्हा अकराला दोन मिनिटे होती. मागे वळून पाहिले तर आपण कोठून आलो ती वाट त्यांना दाखविता आली नसती. आजी काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी कागदाची घडी झाली, ती पुन्हा उलगडली नाही.

त्यानंतरच्या दिवसांचे वर्णन करण्याजोगे फारसे काही नाही, आणि तेच त्यांचे वैभव. सकाळी किनारा, अकराच्या आत घर. दुपारी नारळी-पोफळीच्या वाडीत चटई टाकून पडावे; ताडगोळे सोलावेत, कोकमाचे सरबत प्यावे, जेवताना अलिबागचा तो गोडसर पांढरा कांदा चिरून घ्यावा. मुले कंटाळली तर कंटाळू द्यावीत; तासाभराच्या कंटाळ्यानंतर थोरलीने पोफळीच्या पडलेल्या झावळीची गाडी केली आणि धाकट्याला तीवर बसवून वाडीभर ओढले. या गावाचा निवांतपणा शास्त्रज्ञांनाही मानवलेला आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचीला स्वस्थता राहणार नाही हे ओळखून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागेस उभारण्यात आली. ती आजही येथेच आहे. शहराच्या गडबडीत सुईसुद्धा स्थिर राहीना, मग साडेतीन वर्षांच्या मुलाने तरी कसे राहावे?

सप्तमीच्या सकाळी आठ वाजता पाणी उतरत होते. पाणी उतरत असते तेव्हा ते मुलांपासून दूर जात असते आणि खेळावयाची जागा क्षणाक्षणाला वाढत असते, म्हणून आजींना ही वेळ पसंत; अर्थात तेव्हाही आत शिरणाऱ्याला ओढ असतेच. धाकटा ओल्या वाळूत फावड्याने खड्डा करीत बसला होता. हातभर खोदले असेल, तोच तळाशी पाणी चमकले. त्याने हात मागे घेतला. पाणी हळूहळू वर आले, पायलीच्या मापाएवढे साठले आणि थांबले. लाट नाही, आवाज नाही. त्याने एक बोट घातले, ते चाखले, तोंड वाकडे केले.

"आई, समुद्र खालून आला."

"मग आता?"

त्याने थोडा विचार केला, खड्डा आणखी रुंद केला, आणि त्यात जाऊन बसला. गृहस्थ जवळच होते. त्यांच्या खिशात छायाचित्राचे साधन होते. ते त्यांनी बाहेर काढले नाही.

अष्टमीला सकाळी मंडळी परत निघाली. गाडी पेणच्या रस्त्याला लागली, तेव्हा मागच्या बाजूस बसलेल्या धाकट्याने विचारले, "आजी, आज समुद्र किती वाजता जेवायला जाणार?"

"आज अष्टमी," आजी म्हणाल्या. "आठ पाऊणे सहा. सहाला भरती झाली, बाराला ओहोटी."

"म्हणजे आपल्याबरोबरच," तो म्हणाला, आणि खिडकीला नाक लावून बसला.