दुसरी प्रत दूर असावी



शतकाची वाटचाल पूर्ण केलेल्या संस्थेच्या व्यासपीठावरून संगणकाविषयी बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. दुर्मीळ ग्रंथांची पाने संगणकात उतरविण्याचे काम अनेक जुनी ग्रंथालये करीत आहेत. उतरविलेली पाने टिकवायची कशी, एवढ्या प्रश्नापुरतेच मी बोलणार आहे.

मी जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्याचा. आमच्या तालुक्याचे पूर्वीचे ठाणे सुपा. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली ते गेले, ठाणे जोयड्याला आले आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. मात्र सुप्याला पाणी येणार हे आधी ठाऊक होते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला अशी सवड मिळाली नाही. १८६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुलै २००५ च्या महापुराचे पाणी शिरले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शिरले आणि ग्रंथांची मोठी हानी झाली.

मूळ ग्रंथ आणि त्याची संगणकीय प्रत एकाच इमारतीत असतील, तर पूर दोन्हींना एकाच वेळी गाठतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे संगणककेंद्र जळाले. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांतील काहींच्या हाती काहीच उरले नाही. म्हणून राखीव साठाही एक असून भागत नाही. एका साठ्यातून दुसऱ्या, दूरच्या साठ्यात प्रत आपोआप जात राहावी लागते. या व्यवस्थेला रेप्लिकेशन म्हणतात.

तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक नोंद दोन्हीकडे पोचल्यावरच पुरी झाली असे मानतात. काहीच गळत नाही. पण त्यासाठी जवळचे अंतर आणि वेगवान जोडणी लागते. दुसऱ्यात नोंद आधी इकडे होते आणि ठरावीक वेळाने तिकडे जाते. मधल्या काळातले काम बुडू शकते, पण अंतराची अडचण राहत नाही. बँकांना पहिला प्रकार हवा असतो. ग्रंथालयाला एका दिवसाचे काम पुन्हा करता येते. आपल्याला दुसरा पुरे.

समजा, आपला दुसरा साठा कुंभारवाड्यासारख्या जंगलातल्या गावी ठेवला आणि तेथे सेकंदाला ४ मेगाबिटची जोडणी मिळाली. ५०० गिगाबाइटचा संग्रह तिच्यावरून पाठवायला अखंड साडेअकरा दिवस लागतील, आणि पावसाळ्यात वीज व जोडणी इतके दिवस सलग राहतील असा भरवसा कोणी देऊ नये. तेव्हा पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर घालून गाडीने न्यावी. पुढे रोज रात्री केवळ बदललेला भाग पाठवावा. तो २ गिगाबाइट असला, तर तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरतो. जोडणी तुटल्यास राहिले तेथून पुढे सुरू होईल अशी योजना करावी, आणि मजकूर कुलूपबंद स्वरूपात पाठवून त्याची किल्ली दोघा जबाबदार व्यक्तींकडे ठेवावी.

येथे एक धोका लक्षात घ्यावा. हुबेहूब प्रत मूळच्या चुकाही गिरवते. इकडे कोणी एखादी फाइल पुसली किंवा व्हायरसने ती बिघडवली, तर रात्री तिकडेही तेच घडते. यासाठी दूरच्या साठ्यात मागील काही आठवड्यांच्या अवस्था निराळ्या जपाव्यात आणि इकडच्या संगणकाला त्या पुसण्याचा अधिकार देऊ नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य साठा चुकून पुसला गेला. रक्षणाचे पाच उपाय योजलेले होते. गरजेच्या वेळी त्यांतला एकही नीट चालेना. नित्याच्या राखीव प्रती फसत होत्या आणि तसे कळविणारी पत्रे पोचतच नव्हती. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका प्रतीने त्यांना तारले.

ग्रंथालयाला हा धडा नवा नाही. नोंदवहीत आहे म्हणून पुस्तक कपाटात असेलच असे आपण मानीत नाही. दरवर्षी पडताळणी करतो. तीच शिस्त येथे लावावी. दर तीन महिन्यांनी दूरच्या साठ्यातून एखादा ग्रंथ मागवावा, दुसऱ्याच संगणकावर उघडावा, पाने मोजावीत आणि निकाल तारखेसह नोंदवून कार्यकारिणीपुढे ठेवावा. यंत्रावरचा हिरवा दिवा हा पुरावा नव्हे. उघडून वाचता आलेली प्रत, तेवढीच आपली.